रंगभूमीवरील ऊन आणि चांदणें

शाळांचीं वार्षिक संमेलनें जवळ आलीं, कीं संवाद पाठ करणें, पोषाख जमविणें, पडदे रंगविणें ह्या कामांना उधाण येतें. नायकाचें काम कोणास द्यावें, गाणें कोणीं म्हणावें, ह्यांवर आठवडेच्या आठवडे खल चालतो. परंतु ह्या साऱ्यावर जो प्रकाश पडावयाचा, त्याचा विचार बहुधा शेवटल्या दिवशीं होतो, आणि तोही भाड्यानें दिवे पुरविणाऱ्या गृहस्थाच्या मर्जीवर सोंपविला जातो. तो तांबडे, हिरवे व जांभळे दिवे आणतो, कळ दाबतो, आणि ते लग्नमंडपांतल्या रोषणाईप्रमाणें लुकलुकूं लागतात. त्याच लुकलुकाटांत ऋषींच्या आश्रमांत पहाट होते, त्याच लुकलुकाटांत राजाचा दरबार भरतो, आणि त्याच लुकलुकाटांत बेथलेहेमच्या रानांतले मेंढपाळ रात्रीं कळप राखीत बसतात. आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, प्रकाशयोजनेचें काम विद्यार्थ्यांच्याच हातीं दिलें पाहिजे, आणि त्यांच्या हातीं रंगीत कागद देण्यापूर्वीं त्यांना वर्षभर आभाळाकडे पाहावयास लाविलें पाहिजे.

नाटकांत वेळ व ऋतु दाखविण्याची गरज जुनीच आहे. साधनें तेवढीं नवीं आहेत. शेक्सपिअरच्या काळचीं लंडनमधील मोठीं नाटकगृहें वरून उघडीं असत व खेळ दुपारीं होत. ‘हॅम्लेट’चा आरंभ मध्यरात्रीं, कडाक्याच्या थंडींत होतो, ती रात्र व ती थंडी पहारेकऱ्यांच्या शब्दांनींच प्रेक्षकांच्या मनांत उभी करावी लागे. सांगलीस १८४३ सालीं विष्णुदास भाव्यांनीं ‘सीतास्वयंवर’ केलें, तेव्हांही विजेच्या दिव्यांचा पत्ता नव्हता. पुढें १८८१ सालीं लंडनचें सॅव्हॉय नाटकगृह संपूर्णपणें विजेनें उजळलें, आणि ह्या कलेस नवें हत्यार मिळालें. न्यूयॉर्क येथें १९०० सालीं डेव्हिड बेलॅस्को ह्यानें ‘मॅडम बटरफ्लाय’ ह्या नाटकांत नायिकेस रात्रभर पतीची वाट पाहत बसविलें. सुमारें १४ मिनिटें रंगभूमीवर एकही शब्द उच्चारला जात नसे. केवळ संध्याकाळ मावळे, रात्र सरे आणि पहाट होई. आपल्या देशांत तापस सेन ह्यांनीं १९५९ सालीं, कलकत्त्याच्या मिनर्व्हा नाटकगृहांत, उत्पल दत्त ह्यांच्या ‘अंगार’ नाटकासाठीं खाणींत चढत जाणारें पाणी प्रकाशाच्या खेळानें दाखविलें. ह्या माणसांनीं प्रकाशास बोलावयास लाविलें. आम्ही मात्र त्याला नुसता नाचवितों.

मग ऋतु दिसतो तरी कशानें? सर्वसाधारण समजूत अशी कीं, तो रंगानें दिसतो. उन्हाळा पिंवळा, पावसाळा हिरवा, थंडी निळी. ही समजूत अपुरी आहे. प्रकाश किती, कोणत्या रंगाचा, कोणत्या बाजूनें येणारा व किती वेगानें बदलणारा, ह्या चारही गोष्टी पाहाव्या लागतात. आणि त्यांत दिशेचें महत्त्व रंगाहून कमी नाहीं. अ‍ॅडॉल्फ आपिया (१८६२–१९२८) ह्या स्विस कलावंतानें हेंच आग्रहानें सांगितलें कीं, सर्व बाजूंनीं सारखा पसरलेला प्रकाश वस्तु नुसती दाखवितो. एका बाजूनें येऊन सावली पाडणारा प्रकाश तिला आकार व जीव देतो.

ह्याची प्रचीति घेण्यास पैसा लागत नाहीं. पटांगणांत एक मीटर उंचीची काठी उभी करावी. पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यास मध्यान्हींचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो व काठीची सावली तिच्या पायाशींच लोपते. २२ डिसेंबरच्या सुमारास तीच सावली मध्यान्हीं सुमारें ९० सेंटिमीटर भरते. लंडनमध्यें त्याच दिवशीं ती पावणेचार मीटरांच्या जवळपास जाते. वैशाखाची दुपार दाखवावयाची असेल, तर दिवा वरून, पांढरा व कठोर हवा. नटाच्या भुंवयांखालीं काळोख सांचला पाहिजे. मार्गशीर्षाची सकाळ हवी, तर तोच दिवा खालीं उतरवून एका बाजूस न्यावा, त्यास किंचित् पिंवळेपणा द्यावा, व सावल्या लांब पडूं द्याव्या. आषाढांत सावलीच नसते. तेव्हां दिवा पांढऱ्या चादरीवर टाकून तिच्यावरून परतणारा मंद प्रकाश घ्यावा, म्हणजे आभाळ भरून आल्यासारखें वाटतें. श्रावण हवा असल्यास त्याच करड्या उजेडांत तिरपें ऊन क्षणभर येऊं द्यावें व जाऊं द्यावें. ज्या मुलानें बर्फ कधींही पाहिला नाहीं, तो थंडीचें दृश्य म्हणून रंगभूमीवर कापूस पसरतो. पण धुक्यांतून येणारें कोंवळें ऊन रोज सकाळीं शाळेच्या वाटेवर त्याच्या अंगावर पडत असतें, त्याची त्याला ओळख नसते. ही उणीव नाटकाची नव्हे, शिक्षणाची आहे.

चांदण्याचेंही तसेंच. चांदणें म्हणजे निळा दिवा, असें सर्व धरून चालतात. वास्तविक चांदणें म्हणजे चंद्रावरून परतलेला सूर्यप्रकाशच होय, व तो निळा नसतो. परंतु उजेड फार मंद झाला, म्हणजे आपल्या डोळ्यांस तांबड्या रंगापेक्षां निळसर रंग अधिक उजळ दिसूं लागतात. झेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये (१७८७–१८६९) ह्यांच्या नांवानें हा परिणाम ओळखला जातो. तात्पर्य, निळाई चंद्राची नसून आपल्या दृष्टीची आहे, आणि ती मंदपणाची सोबतीण आहे. म्हणून रंगभूमीवरचा निळा प्रकाश फिका व अल्प असावा. गडद निळ्या दिव्यांचा पूर सोडला, तर चांदणें पडत नाहीं. मुलांचे चेहरे मात्र प्रेतासारखे दिसतात. मेंढपाळांच्या दृश्यांत त्यांच्या शेकोटीचा तांबूस उजेड खालून यावा, व बाकीचें रान फिक्या, थंड प्रकाशांत असावें. मग रात्र सांगावी लागत नाहीं.

हें सर्व एकाच नाटकांत शिकावयाचें असेल, तर कालिदासाच्या ‘शाकुंतला’कडे पाहावें. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं तें मराठी संगीत रंगभूमीवर आणिलें. त्याच्या प्रस्तावनेंत ग्रीष्म आहे. तिसऱ्या अंकाचा आरंभ दुपारच्या तापांत व शेवट सायंकाळच्या होमाच्या वेळीं होतो. चवथ्या अंकांत रात्र किती उरली तें पाहण्यास कण्वांचा शिष्य बाहेर येतो, तों एकीकडे चंद्र मावळत आहे व दुसरीकडे सूर्य उगवत आहे. सहाव्या अंकांत वसंत आला आहे, पण शोकानें व्याकूळ झालेल्या राजानें वसंतोत्सवच बंद केला आहे. आतां ह्या अंकास कोणता प्रकाश द्यावा? मागच्या उद्यानावर वसंताचें प्रसन्न ऊन आणि राजा मात्र छायेंत, असें एखाद्या विद्यार्थ्यास सुचलें, तर तो अंक त्यास समजला, असें आम्ही खुशाल म्हणूं. चवथ्या अंकासाठीं एका बाजूनें थंड व दुसऱ्या बाजूनें उबदार प्रकाश पाहिजे. स्टॅन्ले मॅककँडलेस ह्या अमेरिकन अध्यापकानें १९३२ सालच्या आपल्या ग्रंथांत चेहऱ्यासाठीं अशीच दुहेरी योजना सांगितली आहे: दोन्ही बाजूंनीं ४५ अंशांच्या कोनांत दोन दिवे, एक उबदार व एक थंड. त्यांतला थंड दिवा हळूहळू उतरवावा व उबदार चढवावा. हा बदल इतका सावकाश व्हावा, कीं उजाडलें केव्हां हें प्रेक्षकांस कळूंच नये. जुना हॅलोजन दिवा मंद करतां करतां आपोआप तांबूस होतो, त्यामुळें त्याच्याकडून संध्याकाळ सहज मिळते. एलईडी दिवा नुसता मंद होतो, रंग बदलत नाहीं, म्हणून तेथें दोन रंगांचा मेळ घालावा लागतो. विजेची जोडणी मात्र जाणत्या माणसानेंच करावी.

ह्यावर पालकांचा एक आक्षेप असतो, व तो प्रामाणिक आहे. “आमच्या मुलीनें दोन महिने तालीम केली, तिचा चेहरा आम्हांस दिसावयास नको काय?” ह्याच कारणास्तव मध्यरात्रीच्या प्रवेशांतही सर्व दिवे लखलखीत ठेवण्याची मागणी होते, म्हणजे मोबाइलवर चित्रें चांगलीं यावींत. आमचें नम्र सांगणें असें कीं, माणसाचा डोळा कांहीं मिनिटांत अंधारास सरावतो; मोबाइलला तेवढा धीर नसतो. समोर शंभर पडदे उजळले, म्हणजे रंगभूमीवरची रात्र तेथेंच मरते, आणि जिच्यासाठीं आपण आलों तिची मेहनत आपणच पुसून टाकतों. रंगीत तालमीच्या दिवशीं पूर्ण प्रकाशांत पालकांस छायाचित्रें घेऊं द्यावींत. प्रयोगाच्या वेळीं मात्र अंधारास अंधार राहूं द्यावें. बालवर्गाच्या गाण्यांस आमचा हा नियम लागू नाहीं; तीं भर उजेडांतच शोभतात.

दुसरा आक्षेप खर्चाचा. पण चार साधे दिवे, एक डिमर व थोडे जिलेटीनचे कागद एवढ्यावर वर सांगितलेलें बहुतेक सर्व साधतें. खर्च वाढतो तो लुकलुकाटानें. आणि लाभ पाहावा. प्रत्येक वर्गांत कांहीं मुलें अशीं असतात, कीं चारचौघांत त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाहीं, पण त्यांची नजर बारीक असते. त्यांना एक वही द्यावी. सकाळीं, मध्यान्हीं व सायंकाळीं सावली किती लांब, तिची कड तीक्ष्ण कीं पुसट, भिंतीवरचें ऊन पांढरें कीं सोनेरी, हें त्यांनीं महिन्यांतून दोनदां तरी टिपून ठेवावें. आज जून महिन्यांत आरंभ केला, तर संमेलनापर्यंत तीन ऋतु त्यांच्या वहींत जमा होतील. नाटकाच्या रात्रीं अंधाऱ्या कोपऱ्यांत डिमरवर हात ठेवून बसलेल्या त्या मुलाकडे कोणी पाहणार नाहीं, आणि तसेंच असावें. परंतु बक्षिसांच्या यादींत नटांच्या नांवांशेजारीं त्याचेंही नांव असावें, एवढी मागणी आम्ही शाळांच्या चालकांपाशीं व पालकांपाशीं करतों.