अर्ज तुमचा, उत्तरही तुमचंच

दिवाळीच्या सुमारास आपल्या इंदुरातल्या बऱ्याच घरांत दोन कामं जोडीनं चालतात. स्वयंपाकघरात चकल्या आणि आतल्या खोलीत कॅटचे मॉक. परीक्षा बहुधा नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी असते, त्यामुळे मुलं फराळाला बसली तरी लक्ष मोबाइलवरच्या गणितात. अशा वेळी काका, मामा, आत्या सगळेच मदतीला धावतात. मीही धावलो होतो.

माझी पुतणी बी.कॉम. करून एका सीएंच्या ऑफिसात दोन वर्षं काम करत होती. पर्सेंटाइल ९८च्या वर आला. एका संस्थेच्या अर्जात निबंध होता: मॅनेजमेंट का शिकायचंय? माझी ३४ वर्षं बँकेत गेलेली, कर्जाचे प्रस्ताव लिहून हात बसलेला. म्हटलं, "तू मुलाखतीची तयारी कर, हे मी बघतो." रात्री बसून झकास निबंध लिहिला. वित्तीय समावेशन, ग्रामीण उद्योजकता, सगळं घातलं. ती वाचून गप्प राहिली. मला वाटलं, पोरीला आवडला.

मुलाखतीत पहिलाच प्रश्न त्या निबंधावर. वित्तीय समावेशनाचा तुमचा स्वतःचा अनुभव काय? ती अडखळली, ती शेवटपर्यंत सावरलीच नाही. निवड झाली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "काका, ते तिथे तुमची मुलाखत घेत होते. मी नुसती बसले होते."

मला उत्तर सुचलं नाही. तिचं एक वर्ष गेलं होतं आणि त्यात माझा हात होता.

त्यानंतर आम्ही दोघांनी नीट माहिती काढली. ९९ पर्सेंटाइल म्हणजे शंभरात ९९ गुण नव्हेत, शंभरातल्या ९९ जणांच्या पुढे असणं. पण अलीकडे परीक्षेला दोन लाखांहून जास्त मुलं बसतात. म्हणजे ९९ मिळवूनही तुमच्या पुढे दोन हजारांवर जण असतातच. शिवाय प्रत्येक आयआयएमचं निवडीचं गणित वेगळं. दहावी, बारावी, पदवीचे गुण, नोकरीचा अनुभव यांना कुठे किती वजन, ते प्रत्येक संस्था आपल्या वेबसाइटवर जाहीर करते. दहावीचे गुण आता बदलणार नाहीत. म्हणून पैसे भरण्याआधी हे वजन बघा आणि जिथे आपली बाजू बरी, तिथे जोर लावा. आयएसबीसारख्या संस्था अर्जातच निबंध आणि शिफारसपत्र मागतात, त्याला वेळ ठेवा. आणि घरात कोणी बारावीत असेल तर आयआयएम इंदूरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रमही बघा. तो २०११पासून चालू आहे आणि त्याची प्रवेशपरीक्षा वेगळी असते.

पुढच्या वर्षी तिनं निबंध स्वतः लिहिला. विषय काय, तर आपल्या गणेशोत्सवातला महाप्रसाद! आदल्या वर्षी ५०० पानांचा स्वयंपाक केला आणि जेवायला आले ३५०. तेव्हा तिनं हिशेब हातात घेतला. तीन वर्षांची कुपनं मोजली, व्हॉट्सअ‍ॅपवर नावं मागवली आणि ४०० पानांचा अंदाज बांधला. आले ४६०! ऐनवेळी बाजारातून पुऱ्या आणाव्या लागल्या. हेही तिनं लिहिलं.

मी म्हटलं, "अगं, चूक कोणी अर्जात लिहितं का?"

"काका, यावर मला कोणीही काहीही विचारू दे, मी सांगू शकते."

आणि विचारलंच. अंदाज का चुकला? नावं न देता येणारे किती, हे आधी कसं कळलं असतं? उरलेलं अन्न महाग की कमी पडलेलं? ती बोलत राहिली. पहिल्या पसंतीची संस्था मिळाली नाही, पण दुसऱ्या एका आयआयएममध्ये जागा मिळाली.

म्हणून मुलांनो, अर्जातली प्रत्येक ओळ लिहिताना स्वतःला विचारा: यावर लागोपाठ तीन प्रश्न आले तर मला बोलता येईल का? नसेल तर ती ओळ खोडा. पदवीला जे शिकलात त्याचा पाया पक्का ठेवा. कॉमर्सवाल्याला ताळेबंद समजावता आलाच पाहिजे. आपलं गावही माहीत हवं. इंदूर २०१७पासून सलग अनेक वर्षं स्वच्छतेत देशात पहिलं आलं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण ओला-सुका कचरा घरातच वेगळा व्हायला लागला तो कसा, हे विचारलं तर?

आणि आपण मोठ्यांनी काय करायचं? समोर बसून प्रश्न विचारायचे आणि ऐकायचं. पेन त्यांच्याच हातात राहू द्यायचं. मला हे कळायला एका मुलीचं वर्ष गेलं, तुमच्या घरात तसं होऊ नये.