आठवड्याभरात मेंदू शिकून होतो का?

आमच्या भागातले एमबीबीएसचे विद्यार्थी अलीकडे एक प्रश्न हमखास विचारतात, "सर, मेंदूच्या रचनेचा परदेशी विद्यापीठाचा छोटा कोर्स आहे. करू का?" कोणी आठवड्याभराच्या कोर्सबद्दल विचारतो, कोणी घरबसल्या व्हिडिओ पाहून करायच्या. शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. पालकही विचारतात, कारण बऱ्याचदा फी भरायची असते. माझे उत्तर "कर, पण..." असे असते. हा 'पण' रुग्णांच्याही कामाचा आहे, म्हणून इथे लिहितो.

मेंदू आणि मज्जारज्जूची रचना विद्यार्थी पहिल्या वर्षात शिकतात. हे पहिले सत्र पूर्वी दीड वर्षाचे होते, १९९७ च्या नियमांनी ते एका वर्षावर आले. त्यात हात, पाय, छाती, पोट हे सगळे बसवायचे, आणि वर शरीरक्रियाशास्त्र व जीवरसायनशास्त्र. मेंदूची पाळी बहुधा शेवटी येते, परीक्षा तोंडावर असताना. मग नावे पाठ होतात आणि पेपर झाला की विसरली जातात. पुढे वॉर्डात पक्षाघाताचा रुग्ण समोर आला की छातीत धडधडते. अमेरिकेतील न्यूरॉलॉजिस्ट राल्फ जोझेफोविच यांनी १९९४ साली या भीतीला 'न्यूरोफोबिया' असे नाव दिले. पुस्तकातली रचना आणि समोरचा रुग्ण यांचा सांधा विद्यार्थ्याला जुळवता येत नाही, हे त्यांनी सांगितलेले कारण. आपल्याकडे ते तंतोतंत लागू पडते.

हा सांधा जुळला नाही तर तुमचे काय बिघडते? चाकणच्या कारखान्यांतले उदाहरण घेऊ. असेंब्ली लाइनवर दिवसभर स्क्रू-गन धरणाऱ्या कामगाराच्या हाताला मुंग्या येतात, रात्री झोपेतून जाग येते, हात झटकला की बरे वाटते. मुंग्या नेमक्या कोणत्या बोटांना, हे विचारायला एक मिनिट लागते. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू असेल, तर मनगटातून जाणारी मिडियन नस दाबली जात असण्याची शक्यता मोठी. करंगळी असेल तर कोपराकडे बघायचे. आणखी एक बारीक खूण आहे. अंगठ्याच्या बुडाशी तळहाताचा जो फुगीर भाग असतो, तिथली संवेदना शाबूत असते, कारण तिथे जाणारी फांदी मनगटातल्या बोगद्याच्या आधीच सुटलेली असते. हे ज्याला माहीत आहे तो मनगट तपासतो, पट्टा देतो, गरज वाटली तर नसेची तपासणी सांगतो. ज्याला माहीत नाही तो थेट मानेचा एमआरआय लिहून देतो. मानेच्या एमआरआयमध्ये चकती थोडी सरकलेली दिसणे ही काहीही त्रास नसलेल्या माणसांतही आढळणारी गोष्ट आहे. पण रिपोर्टवर ते छापून आले की मनगट राहते बाजूला, उपचार मानेवर सुरू होतात आणि पगारातले काही हजार जातात.

दुसरे उदाहरण जिवावरचे आहे. पुणे-नाशिक महामार्गावर दुचाकी घसरते, कानशिलाला मार लागतो. माणूस क्षणभर बेशुद्ध होतो, मग उठतो, बोलतो, चहा पितो. "काही नाही झाले, घरी जाऊन झोपतो," म्हणतो. कानशिलाचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतल्या बाजूने एक रक्तवाहिनी जाते. ती फाटली तर कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागते. काही तास सगळे ठीक वाटते, मग डोके ठणकते, उलट्या होतात, गुंगी येते. दाब वाढला की मेंदूचा आतला काठ खाली सरकून डोळ्याच्या नसेवर दाबतो आणि बहुधा त्याच बाजूची बाहुली मोठी होते. छोट्या दवाखान्यातल्या डॉक्टरने टॉर्च मारून दोन बाहुल्यांतला फरक ओळखला, तर रुग्ण वेळेत न्यूरोसर्जनकडे पोहोचतो. खरे तर बाहुली मोठी होईपर्यंत थांबूच नये. डोक्याला मार लागून शुद्ध गेली असेल, तर नंतर माणूस कितीही छान बोलत असला तरी सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. शिफ्ट बुडते म्हणून ते टाळू नये.

तर हे छोटे कोर्स इथे कामी येतात का? काही चांगले आहेत. ड्यूक विद्यापीठाचे लिओनार्ड व्हाइट यांचा ऑनलाइन कोर्स किंवा कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या क्लॉडिया क्रेब्स यांचे व्हिडिओ पाहिले, तर हातात मेंदू धरून तो उलगडून दाखवणे म्हणजे काय ते कळते. पिंपरीतल्या वसतिगृहात बसलेल्या मुलाला असा शिक्षक मिळतो, ही साधी गोष्ट नाही. माझा आक्षेप प्रमाणपत्राच्या हव्यासाला आहे. सात दिवसांत शंभर नावे ऐकून भिंतीवर एक कागद वाढतो, रुग्णाच्या गुडघ्यावर हातोडी कशी मारायची ते त्यातून येत नाही. ताजा मेंदू खरवसासारखा मऊ असतो, फॉर्मॅलिनमध्ये ठेवला की घट्ट होतो. त्याचे काप हातात घेऊन, उजव्या हातापायाचे तंतू मेंदूच्या डाव्या अर्ध्यातून निघून खाली लंबमज्जेत बाजू बदलतात, तो रस्ता स्वतः बोटाने शोधल्याशिवाय डोक्यात बसत नाही. मला विचाराल तर सकाळी मेंदूचे नमुने आणि दुपारी त्याच विषयाचे वॉर्डातले रुग्ण, असा आठवडा प्रत्येक महाविद्यालयाने दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात पुन्हा घ्यावा. त्याला परदेशी शिक्का लागत नाही.

यात दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत. मोठ्या रुग्णालयात विद्यार्थी तपासायला आला की "आमच्यावर प्रयोग नको" असे नातेवाईक म्हणतात. नकाराचा हक्क तुम्हाला आहेच. पण टाचणीने संवेदना बघणे, हातोडीने झटका बघणे याने रुग्णाला इजा होत नाही, आणि सोबत शिक्षक असतील तर तपासणी कधीकधी जास्तच नीट होते. रुग्ण थकला असेल तर "नंतर या" म्हणावे, मुले ऐकतात.

दुसरी गोष्ट देहदान. विच्छेदनासाठी मृतदेह मिळण्याची तरतूद राज्यात १९४९ च्या शरीररचना कायद्याने झाली, पण महाविद्यालयांची खरी भिस्त आता स्वेच्छेने दिलेल्या देहांवर आहे. पिंपरीत डॉ. डी. वाय. पाटील आणि पुण्यात बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या शरीररचनाशास्त्र विभागात अर्जाची चौकशी करता येते. अर्ज भरला तरी शेवटी संमती घरच्यांचीच लागते, म्हणून मुलांना, सुनांना आधी सांगून ठेवा. नेत्रदान आणि देहदान दोन्ही करता येते. अपघाती मृत्यू झाला किंवा शवविच्छेदन झालेले असले, तर देह सहसा स्वीकारला जात नाही. मृत्यूनंतर काही तासांतच महाविद्यालयाला फोन करावा लागतो, तेव्हा नंबर घरात सगळ्यांना दिसेल असा लिहून ठेवा, आणि डॉक्टरांनी दिलेला मृत्यूचा दाखला हाताशी असू द्या.