पायथॉनचे व्याकरण, मराठीतून

मंडळी, नाव वाचून दचकू नका. इथे अजगराचा काही संबंध नाही. पायथॉन ही संगणकाला कामे सांगण्याची एक भाषा आहे. गिडो व्हॅन रॉसम या डच गृहस्थाने १९८९च्या नाताळात, ॲमस्टरडॅममध्ये, ती लिहायला घेतली आणि १९९१ साली लोकांपुढे ठेवली. नाव घेतले ते 'मॉन्टी पायथॉन' या बीबीसीच्या विनोदी मालिकेवरून. म्हणजे जन्मापासूनच ही भाषा जरा हलक्याफुलक्या स्वभावाची!

आता प्रश्न असा की, माझ्यासारख्या कलाशाखेच्या पदवीधराने, त्यातून सरकारी कारकुनाने, या भाषेबद्दल मराठीत लिहायला का घ्यावे? "इंग्रजीत ढिगाने पुस्तके आहेत, मराठीत वाचणार कोण?" असे माझे स्नेहीच विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण त्यामागे एक समजूत दडलेली आहे, ती मला मान्य नाही. मराठीत लिहायचे म्हणजे इंग्रजीतले उतरवून काढायचे, ही ती समजूत.

गोव्यात आपण मराठी कशासाठी राखून ठेवली आहे बघा. जत्रेतले नाटक, भजनी सप्ताह, कीर्तन, वर्तमानपत्र, कविसंमेलन. १९८७ साली राजभाषा कायदा झाला, कोकणी राजभाषा झाली, मराठीलाही सरकारी कामात वापराची मुभा मिळाली. त्या वादात आपली किती वर्षे गेली! पण ज्या यंत्रासमोर आपण दिवसाचे सात-आठ तास बसतो त्या यंत्राविषयी मराठीत दोन पाने लिहावीत, असे त्या वादातल्या कुणाला वाटल्याचे मला दिसले नाही. कामाचे सांगत नाही ती भाषा सणासुदीच्या पैठणीसारखी होते. सगळे कौतुक करतात, पण एरवी ती कपाटातच.

आपल्याच भूमीतले एक उदाहरण पाहा. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला. इथल्या लोकांसाठी त्याने मराठी ओव्यांत क्रिस्तपुराण रचले, ते १६१६ साली छापले गेले. आणि आपल्या पाद्र्यांना इथली भाषा शिकता यावी म्हणून त्याने कोकणीचे व्याकरण पोर्तुगीजमध्ये लिहिले. त्याच्या मृत्यूनंतर, १६४० साली, ते राशोलला छापले गेले. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता, तो बाजूला ठेवू. पद्धत मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. परकी भाषा शिकायची तर तिचे व्याकरण आपल्या माणसांना कळेल अशा भाषेत लिहायचे. आज परकी भाषा पायथॉन आहे, आणि शिकणारे आपण आहोत.

असे लिहायला बसले की इंग्रजी पुस्तकांत नसलेल्या गोष्टी समोर येऊ लागतात. साधे उदाहरण घ्या. 'जर रजा शिल्लक असेल तर अर्ज मंजूर कर, नाहीतर परत पाठव.' पायथॉनमध्ये 'जर'साठी 'इफ' आहे, 'नाहीतर'साठी 'एल्स' आहे. मग 'तर' कुठे गेला? बेसिक आणि पास्कल या जुन्या भाषांत त्यासाठी 'देन' हा शब्द होता. पायथॉनने तो काढला आणि त्या जागी दोन टिंबे ठेवली, आपल्या विसर्गासारखी. इंग्रजी वाचकाला हे जाणवतही नाही, कारण इंग्रजी वाक्यात 'देन' गाळला तरी चालते. मराठीत उलटे आहे. 'पाऊस आला तर येणार नाही', इथे 'जर' गाळता येतो, 'तर' गाळता येत नाही. म्हणून मराठी मुलाला सांगायचे, बाळा, ती दोन टिंबे म्हणजे 'तर'. ती विसरलास तर वाक्य लटकले! इतके सांगितले की पुरे.

आता दुसरी गोष्ट. 'गोवा' शब्दाची लांबी पायथॉनला विचारली तर तो ४ सांगतो, कारण काना-मात्रा तो वेगळ्या मोजतो. 'क्ष' या एका अक्षराची लांबी ३ सांगतो. क, मग हलन्ताचे चिन्ह, मग ष. गावांची यादी वर्णानुक्रमे लावायला सांगितली तर कळंगुट आधी आणि कवळे नंतर येते. आपल्या वर्णमालेत 'ळ' हा 'ह'च्याही पुढे, म्हणजे कवळे आधी यायला हवे. पण युनिकोडमध्ये देवनागरीची मांडणी इस्की या भारतीय प्रमाणावरून आली, आणि त्यात सर्व भारतीय लिप्यांना एकच क्रम असल्याने 'ळ' 'ल'च्या शेजारी बसला. यादीत नाव शोधणाऱ्या कारकुनाला हे ठाऊक हवे की नको? इंग्रजी पुस्तक हे सांगणार नाही, त्याला त्याची गरजच नाही. हे सांगणारा मराठी माणूसच लागेल.

दरवाजे तसे उघडे आहेत. २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून प्रोग्राममधल्या नावांसाठी 'पगार', 'भत्ता' असे देवनागरी शब्द चालतात. राखीव इंग्रजी शब्द आहेत अवघे ३५. तेवढे तर पोरे एका संध्याकाळी पाठ करतील.

आपल्याकडे एक पळवाट आहे. पाणिनीचे नाव घ्यायचे आणि गप्प बसायचे. पाणिनीचे श्रेय खरेच आहे. प्रोग्रामिंगच्या भाषांचे व्याकरण मांडण्याच्या पद्धतीला पाणिनीचे नाव जोडावे, अशी सूचना इंगरमन यांनी १९६७ साली केली होती. पण 'नासाने संस्कृतला संगणकाची सर्वोत्तम भाषा ठरवले' हे मात्र खरे नाही. १९८५ साली रिक ब्रिग्ज या तिथल्या एका संशोधकाने लिहिलेल्या लेखाचे ते फुगवलेले रूप आहे. पूर्वजांचा अभिमान जरूर असावा, पण त्याने आपले पान भरत नाही.

दुसरी पळवाट परिभाषेची. आधी प्रतिशब्द ठरू देत, मग लिहू म्हणे! कशाला थांबायचे? 'फाईल', 'पेन्शन' हे शब्द कुणाच्या परवानगीने मराठीत आले? 'लूप'ला 'लूप'च म्हणा, आणि समजावताना रहाटगाडग्याचा दाखला द्या. वाक्य मराठी असले की झाले.

आणि हे आज निकडीचे का? आपली मुले चौथीपर्यंत मराठीत शिकतात आणि पाचवीला एकदम इंग्रजीत जातात. सहावीपासून कोडिंग शिकवण्याची योजनाही राज्यात आली. म्हणजे एक नवे शास्त्र, आणि तेही अजून नीट न उमगलेल्या भाषेत! मग हुशार मूल पाठ करते, बाकीची मान डोलावतात. आता तर यंत्राला नुसते सांगितले की तेच प्रोग्राम लिहून देते. पण दिलेले बरोबर की चूक, हे समजायला वाचता यावेच लागते. शिवाय ही यंत्रे लोकांनी लिहिलेल्या मजकुरावरच शिकतात. आपण मराठीत काही लिहिलेच नाही, तर ती मराठी शिकणार कशावरून?

म्हणून माझे म्हणणे एवढेच, ज्याला जे येते त्याने त्याचे एक पान लिहावे. पायथॉनचे असो, नारळाच्या खताचे असो, वा बोटीच्या इंजिनाचे. कोकणीत लिहिणाऱ्यांनी कोकणीत लिहावे, आनंदच आहे. भाषेचा हक्क कायद्याने मिळतो, तिची सवय मात्र अशा पानांनीच लागते.