ड्रोन वारा सांगत नाही

पतंग उडवणाऱ्याला वारा बोटांत कळतो. मांजा ताणला की वर जोर आहे, सैल पडला की वारा पडला. ड्रोन उडवणाऱ्या पोराला ही सोय नाही. त्याच्या हाताखाली दोन काड्या, समोर मोबाईल, आणि मोबाईलवर सगळं कसं निवांत! वर ताशी पंचवीस किलोमीटरचा वारा असला तरी ड्रोन उपग्रहांच्या आधारानं जागा धरून ठेवतो आणि कॅमेरा तोलणारा गिंबल चित्र हलू देत नाही. यंत्र जितकं चांगलं तितका वारा जास्त लपतो.

पण तो सोसावा लागतोच. जागेवर राहायला ड्रोनला वाऱ्याकडे कलावं लागतं, पंखे जोरात फिरवावे लागतात, आणि त्याची किंमत बॅटरी मोजते. म्हणून अधूनमधून मोबाईल सोडून आभाळात बघावं. एका जागी थांबलेला ड्रोन तिरपा दिसला, त्याचा आवाज चढला, की समजावं.

लग्नसराईत आमच्या पुसदजवळच्या पूस धरणावर प्री-वेडिंगचं शूटिंग चालतं तेव्हा कुणालाही वाऱ्याचं विचारा. ‘काही होत नाही भाऊ, लेव्हल पाचचा आहे,’ हे उत्तर ठरलेलं. ही पाचवी पायरी फ्रान्सिस ब्यूफर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्यानं १८०५ साली आखलेल्या मोजपट्टीतली. ताशी २९ ते ३८ किलोमीटर वारा, लहान झाडं डोलू लागतात. अडीचशे ग्रॅमच्या आतल्या बऱ्याच ड्रोनची कंपनीनं सांगितलेली हद्द या ३८ च्या आसपासच असते. हद्द म्हणजे शेवट. तिथवर जाण्याचं आमंत्रण नव्हे. मी निम्म्यावरच थांबतो. त्याला यंत्रही लागत नाही. कडुलिंबाची पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत असल्या तर वारा बारा ते एकोणीसचा, उडवायला हरकत नाही. रस्त्यावरची धूळ आणि कागद उडू लागले की वीसच्या वर गेला, ड्रोन बॅगेत.

हा झाला जमिनीवरचा हिशेब. उघड्या रानात दहा मीटरवर वीसचा वारा असेल तर एकशेवीस मीटरवर तो साधारण अठ्ठावीसचा होतो. २०२१ च्या ड्रोन नियमांनी हिरव्या, म्हणजे परवानगी न लागणाऱ्या क्षेत्रात एकशेवीस मीटरचीच उंची मोकळी ठेवली आहे. आता घरी परतण्याचं बटण आठवा. ते दाबलं की बरेच ड्रोन आधी ठरवून दिलेल्या उंचीवर चढतात आणि मग माघारी वळतात, म्हणजे दमलेली बॅटरी घेऊन जास्त वाऱ्यात शिरतात. वाटेत झाड, तार, टॉवर नसेल तर स्वतःच्या हातानं खाली उतरवून आणलेला बरा.

खरी गोम परतीतच आहे. ताशी ३६ च्या वेगानं हवा कापणारा ड्रोन २४ च्या वाऱ्याबरोबर किलोमीटरभर एका मिनिटात जातो. येताना ३६ मधून २४ वजा करा. उरले बारा. तेच अंतर पाच मिनिटांचं झालं, तेही पंखे पूर्ण ताकदीनं फिरत असताना. म्हणून आधी वाऱ्याच्या तोंडावर जायचं आणि येताना वारा पाठीशी घ्यायचा. हा हिशेब कागदावर करणारा शूटिंगवाला मला अजून भेटलेला नाही. असो.

पुसदभोवती डोंगर आहेत, त्यांचा वेगळा त्रास. डोंगराच्या आडोशाला वारा कमी असेल असं वाटतं, पण माथा ओलांडलेली हवा पलीकडे गिरक्या घेत खाली येते आणि हलका ड्रोन तिच्याबरोबर दाबला जातो. त्यात खाली पाणी असेल तर जमीन बघून उंची सांभाळणारे त्याचे डोळेही फसतात.

मे महिन्यात दुपार टाळावी. तापलेली हवा वर उठते आणि वरचा जोरकस वारा झोतांनी खाली उतरतो. कधी वावटळ, कधी वावधन. शिवाय बऱ्याच छोट्या ड्रोनची मर्यादा चाळीस अंशांची, आणि आपला पारा ती सहज ओलांडतो. सकाळी नऊच्या आत काम उरकावं.

हौशी ड्रोन गेला तर मालकाचे पैसे जातात आणि खाली कुणी असेल तर डोकं फुटतं. आता मात्र वावरात फवारणीचे ड्रोन आलेत. पिकावर दोन-तीन मीटर उंचीवरून औषध सोडणारं यंत्र वाऱ्यातही सरळ रेषेत जातं, औषध जात नाही. ते धुरा ओलांडून शेजारच्या निंदणाऱ्या बायांवर, विहिरीवर, बैलांच्या चाऱ्यावर पडतं. कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं दगावली ती २०१७ साली, आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात. तेव्हा पंप पाठीवर होते. आता फवारणारा लांब, सुरक्षित उभा असतो, आणि त्याच्या स्क्रीनवरही सगळं निवांतच दिसतं. तेव्हा ड्रोनवाला वावरात आला की आधी धुऱ्यावर एक काठी रोवून तिला फडकं बांधायला लावा. ते शेजाऱ्याच्या वावराकडे फडफडत असेल तर त्या दिवशीचे पैसे देऊ नका.