पितळी इंजिनें : पारख आणि दाम

सोलापुरांतील एका वाचक भगिनींनीं आमच्याकडे एक प्रश्न पाठविला आहे. त्यांच्या दिवंगत यजमानांनीं अमेरिकेंतील वास्तव्यांत जमविलेलीं आगगाडीचीं चार लहान पितळी इंजिनें घरांत आहेत. मोड घेणारा तीं तराजूंत घालूं पाहतो; नात्यांतील एक छांदिष्ट तरुण मोडीच्या दुप्पट दाम देऊं म्हणतो. कोणास द्यावीं? प्रश्न चार इंजिनांचा दिसतो. परंतु वापरलेली वस्तु घेणारानें व देणारानें परस्परांशीं कसें वागावें, हा त्याचा गाभा आहे. म्हणून त्याचें उत्तर येथें देतों.

प्रथम वस्तु ओळखूं. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानांतील लहान लहान कारखान्यांनीं अमेरिकेंतील हौशी लोकांकरितां अशीं इंजिनें घडविलीं. पुढें हें काम बरेंचसें कोरियांत गेलें. त्यांतील पुष्कळशीं खऱ्या इंजिनाच्या १/८७ प्रमाणाचीं असून साडेसोळा मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर धांवतात. पितळी पत्रा कापून, डाख लावून तीं जोडलेलीं असतात. घंटा, पंप, दिवा असे बारीक अवयव मेणाच्या सांच्यानें ओतलेले असतात. ही ओतकामाची विद्या आपणांस परकी नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत रचविलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत मेणाची मूर्ति करून तिच्या सांच्यांत धातु ओतण्याची रीत सविस्तर दिली आहे.

असें इंजिन घेण्यापूर्वीं तें कोणत्या खऱ्या इंजिनाचें प्रतिरूप आहे, हें जाणून घ्यावें. आमच्या जिल्ह्यांतीलच उदाहरण घ्या. कॅलथ्रॉप या अभियंत्यानें उभारलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ सालीं सुरू झाली. रुळांमधील अंतर अवघें अडीच फूट. कोणत्याही आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं नये, हें त्याचें सूत्र. म्हणून लीड्स येथील किटसन कारखान्यानें तिच्यासाठीं केलेल्या पहिल्या इंजिनांना आठ चालक चाकें होतीं. त्यांचें प्रतिरूप म्हणून कोणी सहा चालक चाकांचें इंजिन पुढें केलें, तर पितळ कितीही झळाळो, त्यास नकार द्यावा. पुढें ही गाडी पंढरपूर, लातूर व मिरजेपर्यंत गेली. आतां ते मार्ग रुंद झाले असून वाफेचीं इंजिनेंही उरलीं नाहींत. अशा वेळीं खरें प्रतिरूप म्हणजे एक प्रकारची बखरच होय, आणि बखर खोटी असूं नये.

शोध कोठें करावा? मुंबईच्या चोरबाजारांत किंवा पुण्याच्या जुन्या बाजारांत क्वचित् एखादें हातीं लागतें. परंतु बहुतेक खरेदी आंतरजालावरील लिलावांतून अथवा परदेशस्थ आप्तांमार्फत होते. ज्यांची नजर अद्याप बसलेली नाहीं, त्यांनीं पुण्यास कोथरुडांत १९९८ सालीं उघडलेलें जोशी यांचें लहान रेल्वेंचें संग्रहालय आधीं पाहावें. लिलावांत केवळ दर्शनी छायाचित्रावर भुलूं नये. तळाचें, दोन्ही अंगांचें व मूळ खोक्याचें चित्र मागवावें.

प्रत्यक्ष परीक्षेंत पुढील गोष्टी पाहाव्या. कठडे, शिड्या, दिवे जागच्या जागीं आहेत काय? डाख सुटून पुन्हा लाविल्याचे ओबडधोबड डाग दिसतात काय? चाकें हातानें फिरवूं नयेत, त्यानें दंतचक्रांस इजा होते. १२ व्होल्टांच्या प्रवाहावर रुळांवर मंद गतीनें चालवून कान देऊन ऐकावें. मोटर व दंतचक्रें यांना जोडणारी रबरी नळी जुनी झाली कीं कडक होते. पण ती सहज बदलतां येते, म्हणून तेवढ्यासाठीं सौदा मोडूं नये. बहुतेक जुन्या इंजिनांत एका रुळाचा प्रवाह इंजिनाच्या व दुसऱ्याचा टेंडरच्या चाकांतून येतो. तेव्हां टेंडर हरवलेलें इंजिन स्वस्त मिळालें तरी तें चालणार नाहीं. खोक्यांतील जुना स्पंज कुजून पितळेला चिकटतो, तो काढून टाकावा. खोकें मात्र टाकूं नये.

गृहिणींना एक विनंति. देव्हाऱ्यांतील समईप्रमाणें हीं इंजिनें चिंचेनें वा राखेनें घांसूं नयेत. त्यांवर बहुधा पारदर्शक लेप असतो. घांसल्यानें तो जातो, बारीक तारा वांकतात आणि दाम उतरतें. मऊ कुंचल्यानें धूळ झाडली म्हणजे पुरे.

आतां मूळ प्रश्न. याज्ञवल्क्यस्मृतींत क्रीतानुशय, म्हणजे खरेदीनंतरचा पश्चात्ताप, असें एक प्रकरणच आहे. घेतलेली वस्तु पारखण्यास लोखंडाला १ दिवस, भारवाही पशूला ५, रत्नाला ७ व बियाण्याला १० दिवस, अशी त्यांत मुदत आहे. या स्मृतीवरील मिताक्षरा टीका सोमेश्वराच्या पित्याच्या कारकीर्दींत, त्याच कल्याणींत लिहिली गेली. नारदानें तर निर्दोष वस्तु दाखवून सदोष देणाऱ्यास दुप्पट दंड सांगितला आहे. विकणारानें दोष झांकूं नये, हें यांतून उघड होतें. मग घेणारानें गुण झांकावा काय? मोडवाला निदान धातूचेंच दाम देतों म्हणून सांगतो. हा तरुण मात्र वस्तूचें मोल जाणतो, आणि त्या माउलीच्या अज्ञानावर दुप्पट दामाची उदारता मिरवितो. अर्धा किलो पितळेच्या मोडीचें मोल तें किती! हौशी बाजारांत अशा एकेका इंजिनाला कित्येक पट अधिक किंमत येते. त्यानें ती आधीं सांगावी. सर्व जाणूनही काकूंनीं त्याला स्वस्तांत दिलें तर तें प्रेमाचें देणें. न सांगतां घेतलें तर ती लबाडी.

भगिनींनीं घाई करूं नये. प्रत्येक इंजिन, त्याचें खोकें व कागद एकत्र ठेवावे, खोक्यावरील नांव व क्रमांक उतरून घ्यावे आणि दोनतीन ठिकाणीं किंमत विचारावी. त्या तरुणानें सर्व खरें सांगून वाजवी दाम देऊं केलें, तर आमच्या मतें तीं त्यालाच द्यावीं. कारण तो तीं वितळविणार नाहीं, चालवील. देण्यापूर्वीं मात्र त्यानें रूळ आणून घरांतील मुलांना चारही इंजिनें एकदां चालवून दाखवावीं.