चेहरा काही पितळेचे भांडे नव्हे



गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीचा सोहळा आटोपला आणि यात्रेतली दुकाने उठली की आमच्याकडे थंडीची चाहूल लागते. सकाळी महामार्गावर एस.टी.ची वाट पाहत उभे राहिले तर गालाला वारा झोंबतो. आठ-पंधरा दिवसांत वस्तीतल्या लेकरांच्या गालांवर पांढुरक्या रेघा उठतात, बायांचे ओठ फुटतात, आणि कापूस वेचून आलेल्या बाईने तोंडावरून हात फिरवला तर हाताला भुसा लागावा तशी कातडी लागते. हे दरवर्षीचेच आहे. या वर्षी मात्र एक प्रसंग असा घडला की एरवी या सदरात रेशनकार्ड, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि पोस्टातली खाती यांवर लिहिणारे आम्ही चक्क तोंडाला काय लावावे यावर लिहायला बसलो आहोत. कारकुनाला चेहऱ्यातले काय कळते, असे आमच्या घरच्या आयुष्मती म्हणाल्याच. त्यांचे म्हणणे खोटे नाही. म्हणून अमरावतीच्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंना आम्ही दोनदा गाठले. त्यांनी जे समजावले ते आमच्या भाषेत येथे मांडतो.

तर प्रसंग असा. शनिवारी दिवेलागणीला शेजारच्या गल्लीतली मायलेक दारात उभी. मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. दुसऱ्या दिवशी तिला पाहायला पाहुणे यायचे होते. तोंडाला ओढणी गुंडाळलेली. ओढणी काढली तर दोन्ही गाल लालबुंद, नाकाच्या कडा सोललेल्या, हनुवटीवर बारीक चिरा.

"काय केलं वं माय हे?" आम्ही विचारले.

"घासलं, काका."

कशाने घासले त्याची यादी ऐकून आम्हीच घाबरलो. यात्रेतून आणलेला अक्रोडाच्या टरफलाचा स्क्रब, तीन दिवस, रोज दोन वेळा. तरी साल निघतेच आहे म्हणून चौथ्या दिवशी लिंबू आणि खायचा सोडा. आणि त्यावर आईने गच्चीवर वाळवलेल्या संत्र्याच्या सालीची भुकटी. आमचा संत्र्याचा मुलूख, वरुड-मोर्शीचा माल घरोघरी येतो, साल कोणी फेकत नाही. आई रडकुंडीला आलेली. म्हणाली, "भाऊ, म्या म्हटलं पोट्टी थोडी उजळ दिसन. मले काय मालूम असं होईन."

त्या रात्री आम्ही एवढेच सांगितले की साध्या पाण्याने तोंड धुवा, वर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा, बाकी सगळे बंद. सोमवारी डॉक्टरांकडे नेले. मधला रविवार कसा गेला तेही सांगतो. आईने पावडर थापायचा आग्रह धरला, मुलीने ऐकले नाही. लाल चेहऱ्यानेच चहा घेऊन आली. मुलाच्या आत्याने विचारले, "रंग मूळचाच असा आहे का?" मुलगी म्हणाली, "रंग मूळचा, लाली कालची." पाहुण्यांचा निरोप अजून यायचा आहे.

आता मुद्द्यावर येऊ. थंडीत तोंडाची साल निघते, तेव्हा मळ साचला आहे, तो घासून काढला पाहिजे, असे आपण धरून चालतो. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच वाक्यात हे खोडून काढले. आपल्या कातडीचा सर्वांत वरचा थर मेलेल्या पेशींचाच असतो. खालून नव्या पेशी सरकत सरकत साधारण महिनाभरात वर येतात आणि आपल्याला न दिसता झडून जातात. हा थर विटांच्या भिंतीसारखा आहे. पेशी म्हणजे विटा, आणि मधला स्निग्ध पदार्थ म्हणजे गारा. या विटांना एकमेकींशी जखडणारे दुवेही असतात. ते दुवे कापण्याचे काम कातडीतलीच काही द्रव्ये करतात, पण त्या द्रव्यांना काम करायला पाणी लागते. कोरड्या थंड हवेत वरच्या थरातले पाणी उडाले की दुवे कापले जात नाहीत. मग पेशी एकेक न झडता त्यांचे पापुद्रे निघतात. तेच आपल्याला साल निघाल्यासारखे दिसते.

म्हणजे ज्याला आपण मळ समजतो ती कातडीची तहान आहे. अशा वेळी खरखरीत काही घासले की विटांबरोबर गाराही निघतो. गारा गेला की उरलेले पाणीही उडते, पापुद्रे आणखी निघतात, आणि माणूस आणखी जोराने घासतो. आमच्या मुलीचे चार दिवस हेच चालले होते. बेसन चोळताना काळ्या वळ्या निघतात म्हणून आपण खूश होतो. त्या वळ्यांत बराचसा भाग बेसनाचाच असतो, हेही आम्हाला या वयात कळले.

म्हणून साल काढणारे काही विकत घ्यायच्या आधी दोन आठवडे फक्त ओलावा द्यावा. तोंड कोमट पाण्याने धुवावे, कढत पाण्याने नव्हे. अंगाचा साबण तोंडाला कमी लावावा, कारण कातडी किंचित आम्ल असते आणि साबण अल्क असतो, धुण्याचा तर विचारूच नका. तोंड टिपून घ्यावे, पुसून खरडू नये, आणि ओलसर असतानाच खोबरेल, व्हॅसलीन किंवा ग्लिसरीन असलेले साधे क्रीम लावावे. कोरड्या कातडीवर लावले तर तेल नुसते वर बसते. ओल्यावर लावले तर आतले पाणी धरून ठेवते. बहुतेकींचे काम येथेच संपते, पुढचा खर्चच लागत नाही.

एवढे करूनही चेहरा खरबरीत राहिला तर मग निवड करायची. दुकानात याला एक्सफोलिएटर म्हणतात. त्यात दोन जाती आहेत, घासून काढणारे आणि विरघळवून सोडवणारे. घासणाऱ्यांत अक्रोडाची, जर्दाळूच्या कोयीची भुकटी, साखर, मीठ. या कणांना धार असते. टाचेला चालेल, कोरड्या गालाला नको. घासायचेच असेल तर सर्वांत सौम्य साधन घरातच आहे: जुन्या धुवट सुती लुगड्याचा तुकडा. ओला करून, बोटांच्या भाराने, आठवड्यातून एकदा, अर्धा मिनिट. दाढी करणारे पुरुष रोज ब्लेडने हेच करतात आणि वर तुरटी फिरवतात. त्यांच्या गालांना खरे तर दुसऱ्या स्क्रबची गरजच नाही. आमच्या घरातला कॉलेजकुमार हे वाचील अशी आशा आहे.

घरगुती लेप आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आले आहेत, त्यांना सरसकट नावे ठेवायची नाहीत. मसुराचे किंवा चण्याच्या डाळीचे पीठ वस्त्रगाळ करून दुधाच्या सायीत भिजवावे, ओले असतानाच धुऊन टाकावे. वाळू देऊन मग चोळणे, हीच खरी चूक. मुलतानी माती तेल शोषते. तेलकट तोंडाला ती बरी, कोरड्याला नाही. संत्र्याची साल कितीही बारीक वाटली तरी खरखरीत राहते, आणि तिच्यातल्या तेलाने चिरलेल्या कातडीची आग होते. लिंबाचा रस फार तीव्र आम्ल आहे आणि तो लावून उन्हात गेले तर काळे डाग पडू शकतात. खायचा सोडा उलट्या टोकाचा. मुलीने दोन्ही एकत्र लावले होते.

दुसरी जात विरघळवणाऱ्यांची. आम्ल म्हटले की आपल्याला ॲसिडची बाटली आठवते, पण ही सौम्य प्रमाणातली आम्ले पेशींमधले दुवे सैल करतात, घासावे लागत नाही. कोरड्या कातडीसाठी लॅक्टिक ॲसिड सोयीचे, कारण ते पाणीही धरते. आंबलेल्या दह्यात असते तेच. सुरुवात पाच टक्क्यांच्या आसपास करावी. ग्लुकोनोलॅक्टोन त्याहून सौम्य, ते कातडीत हळूहळू शिरते. ग्लायकोलिक पटकन शिरते म्हणून चुरचुरते. सॅलिसिलिक हे तेलकट, मुरुमांच्या चेहऱ्याचे औषध आहे. नाव ऐकले म्हणून कोरड्या चेहऱ्याने ते उचलू नये.

आणि युरिया. हे नाव ऐकून आम्ही दचकलो. सोसायटीतून पोत्याने आणतो तोच का? द्रव्य तेच, पण क्रीममधले शुद्ध आणि मोजून घातलेले असते. पोत्यातले चुकूनही लावू नये. युरिया आपल्या कातडीत मुळातच थोडा असतो आणि पाणी धरून ठेवतो. पाच-दहा टक्क्यांचे क्रीम चेहऱ्यालाही चालते. वीस टक्के व त्यावरचे टाचांसाठी. औषधाच्या दुकानात मिळते, रंगीत जाहिरात नसते म्हणून कोणी मागत नाही. आमचा कौल यालाच.

लॅक्टिक आणि ग्लायकोलिक ॲसिडांविषयी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. ती लावल्यावर कातडी उन्हाला हळवी होते, आणि थांबवल्यावरही आठवडाभर हळवी राहते. ज्या भगिनी दिवसभर कापूस वेचतात, सोयाबीन सोंगतात, त्यांनी या आम्लांच्या नादी लागू नये. त्यांच्यासाठी ओलावा, युरियाचे क्रीम आणि तोंडावर दुपट्टा. कॉलेजात किंवा ऑफिसात जाणाऱ्यांनी लावायचे तर रात्री, आठवड्यातून एकदा, सकाळी सनस्क्रीनसह. आधी दोन-तीन रात्री कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावे. आणि लग्न, परीक्षा किंवा पाहुणे यांच्या आदल्या दिवशी नवे काहीही तोंडाला लावू नये, ही आमची स्वतःची भर.

आता कारकुनी कामाचे. वेष्टनाचा मागचा भाग हा आमच्या लेखी व्हाउचर आहे. द्रव्यांच्या यादीत जे आधी ते जास्त, हा नियम. पुढे मोठ्या अक्षरांत लॅक्टिक आणि मागे यादीत ते सुगंधाच्याही खाली असेल तर समजून घ्यावे. सुगंध नसलेले बरे. उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत हे सगळे छापील पाहिजे. किंमतही नीट मोजावी. समजा १०० ग्रॅमची स्क्रबची बरणी १५० रुपयांना आहे आणि ३० ग्रॅमची ट्यूब १२० रुपयांना. ट्यूब महाग वाटते. पण स्क्रब आठवड्याला दहा ग्रॅम लागला तर बरणी दहा आठवडे पुरेल, म्हणजे आठवड्याला १५ रुपये. ट्यूब आठवड्याला एक ग्रॅम लागली तर तीस आठवडे पुरेल, आठवड्याला ४ रुपये.

वेष्टन वाचा असे आम्ही इतके का सांगतो? यात्रेतल्या त्या डबीवर नावाखेरीज काहीच छापलेले नव्हते. आपल्याच अकोल्यात काय झाले ते २०२३ साली वर्तमानपत्रांत आले होते. तेथे एक विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण, अशा एकाच घरातल्या तिघी ब्यूटी पार्लरमधून मिळालेले गोरे करणारे क्रीम लावत होत्या. तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा कारण सापडले, क्रीममधला पारा. पारा कातडीतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडाच्या गाळण्या खराब करतो. भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत तोंडाच्या क्रीममध्ये नकळत आलेला पारासुद्धा दशलक्षात एका भागाहून जास्त चालत नाही. पण ज्या डबीवर परवानाच नाही तिला नियम कोण लावणार? तसेच औषधाच्या दुकानातून खाजेची म्हणून आणलेली स्टिरॉइडची ट्यूब उजळपणासाठी लावण्याची खोड. कातडी पातळ होते, तांबड्या शिरा दिसू लागतात, सोडली की तोंड पेटते. २०१८ साली सरकारने अशी चौदा स्टिरॉइडे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती खोड गेलेली नाही.

त्या मायलेकींचे घासणे साल काढण्यासाठी सुरू झाले आणि उजळ दिसण्यापाशी पोचले, हे आम्हाला जास्त लागले. कातडीचा रंग खालच्या थरात तयार होतो, वरचे पापुद्रे काढून तो बदलत नाही. बाबासाहेबांनी २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत आपल्या आया-बहिणींना स्वच्छ राहायला सांगितले होते. गोरे व्हायला सांगितले नव्हते. १९७५ पासून ज्या क्रीमने आपल्या घरांतल्या पोरींना आरशासमोर उभे केले, त्याच्या नावातला 'फेअर' शब्द कंपनीने २०२० साली काढला. आपल्या आत्याबाईंच्या तोंडातला कधी निघतो पाहू.

आणखी एक, आणि हे विसरू नये. प्रत्येक पांढुरका डाग कोरडेपणाचा नसतो. गोल कडा, खाज असेल तर गजकर्ण असू शकते. फिकट डागावर स्पर्श कळत नसेल तर त्याला घासू नका, लेप लावू नका, लगेच सरकारी दवाखान्यात दाखवा. तो कुष्ठरोग असू शकतो, औषध मोफत मिळते आणि वेळेत घेतले तर पूर्ण बरा होतो. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन ज्या जिल्ह्यात आहे तेथेही लोक असा डाग पावडरखाली लपवतात.

परवा त्या घरी पुन्हा गेलो. मुलीच्या गालाची साल निघणे थांबले आहे, हनुवटी अजून थोडी लालसर आहे. संत्र्याच्या सालीची भुकटी डबाभर शिल्लक होती. आईने तिच्यात लिंबू-मीठ घालून पितळेचे दोन तांबे घासले आणि आम्हाला त्यातूनच पाणी दिले.