पोलादपूरचे भेकर पुण्याला पोहोचत नाही

मा. प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव),
महाराष्ट्र राज्य, नागपूर
यांस,

आपल्या नागपुरात सेमिनरी हिल्सला जखमी वन्यप्राण्यांसाठी ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. पुणेकरांना बावधन आहे, जुन्नरकरांना माणिकडोह, मुंबईकरांना बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान. महाड-पोलादपूरला वनविभागाचा १९२६ हा मदत क्रमांक आहे. फोन लागतो, वनरक्षक येतोही. पण जखमी जनावर हाती आले की त्याने ते न्यायचे कुठे? ताम्हिणी चढून पुण्याला, नाहीतर महामार्गाने मुंबईला. वरंध घाटाचा पावसाळ्यात भरवसा नसतो, कधी दरड येईल सांगता येत नाही. चार-पाच तास पिंजऱ्यात हादरे खात गेलेले भेकर बहुतेक वेळा वाटेतच जाते.

भेकराचेच घ्या. फेब्रुवारीपासून आमच्याकडचे डोंगर वणव्यांनी काळे होऊ लागतात. आग झोडपून परतणाऱ्या पोरांना एखाद्या करवंदीच्या जाळीत ठिपक्याठिपक्यांचे पाडस दिसते. आई दिसत नाही, म्हणून ते उचलून घरी आणतात. आजूबाजूची माणसे जमतात, कुणी बाटलीने गाईचे दूध पाजतो, कुणी मांडीवर घेऊन फोटो काढतो. दुसऱ्या दिवशी पाडस हगवणीने मलूल होते. खरे तर मादी पिलाला दडवून चरायला जाते आणि माणसे हटली की परत येते. जाळीला आच लागलेली नसेल, तर त्या पाडसाला हात न लावणे हीच त्याची सुटका. मोठ्या भेकराची गोष्ट आणखी वाईट. पाठलाग, गर्दी, दोऱ्या यांच्या धसक्याने त्याचे स्नायू आतून खराब होतात. सोडल्यावर उड्या मारत गेले म्हणून लोक टाळ्या वाजवतात आणि ते दोन-चार दिवसांनी रानात मरून पडते. त्याची नोंद ‘यशस्वी सुटका’ अशीच होते!

पोरांच्या मनात पाप नसते. त्यांना त्या वेळी ‘ठेवा तिथेच, लांब व्हा’ असे सांगणारे कुणी नसते, एवढेच. कायदा पाहिला तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे असा प्राणी सरकारी मालमत्ता आहे आणि तो हाती आल्यास ४८ तासांत कळवावे लागते. पण भाजलेल्या पिलाला ४८ तास कुठले? शिवाय कायद्याची भीती अशी, की फासकीत अडकलेला प्राणी दिसला तरी माणूस ‘आपल्यावरच यायचे’ म्हणून वाट बदलतो.

लोकांची साथ मिळेल का, ही शंका आपल्याला येऊ नये. महाडची सिस्केप ही संस्था प्रेमसागर मेस्त्री यांच्या पुढाकाराने म्हसळा तालुक्यातल्या चिरगावला गिधाडांसाठी वर्षानुवर्षे काम करते आहे. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकने देशभरातली गिधाडे संपत आली आणि २००६ मध्ये त्या औषधाच्या जनावरांसाठीच्या वापरावर बंदी आली. नुसत्या बंदीने चिरगावची गिधाडे राहिली नसती. घरटी असलेली झाडे राखावी लागली, मेलेली गुरे त्यांच्यासाठी मिळवावी लागली, आणि हे गावाला सोबत घेऊनच झाले. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळाने या पट्ट्यातली झाडे आडवी केली, तरी माणसे पुन्हा कामाला लागलीच. सावित्रीतल्या मगरींनाही महाडकर सरावले आहेत. पुराच्या पाण्यात मगर वस्तीजवळ आली, तर तिला बहुधा उपचार नको असतात, भोवतालची गर्दी आवरणारा माणूस हवा असतो.

‘इथे माणसालाच रात्री-अपरात्री मुंबई गाठावी लागते, जनावरांचे काय घेऊन बसलात,’ असे कुणी म्हणेल. म्हणणाऱ्याचे चूक नाही. म्हणूनच आम्ही बावधनएवढे केंद्र मागत नाही. महाडला, महामार्गापासून जवळ, एक शांत आणि अंधारी खोली द्या. तिच्यात घुबडाच्या पिलापासून भेकरापर्यंत मावतील असे दोन-चार पिंजरे, तराजू, औषधे एवढे असले तरी पुरे. गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर गाई-म्हशींचे जाणकार असतात. त्यांच्यापैकी एकाला वन्यप्राण्यांचे रीतसर प्रशिक्षण आणि रात्रीच्या बोलावण्याचे मानधन द्या. कशेडीपासून महाडपर्यंत महामार्गावर धडकलेले उदमांजर तासाभरात टेबलावर आले पाहिजे. पक्षी सापडला तर चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाते. भोके पाडलेल्या खोक्यात ठेवून वर फडके टाका, एवढे तरी फोनवर तत्काळ सांगितले गेले पाहिजे.

आणि एक अट आम्हीच घालतो. ही खोली बघायला कुणाला सोडू नका, पुढाऱ्यांनाही नाही. माणसाच्या हाताला सरावलेले पिल्लू रानात टिकत नाही आणि मग त्याला जन्मभर पिंजरा येतो. प्राणी कुठे सापडला, कुठे सोडला, की मेला, याची वही मात्र सगळ्यांना पाहता यावी. मेलेलेही लिहा.

चारा, पाला, खोकी, गाडीचे डिझेल, रात्रीचे जागरण हे गावे बघतील. सर्पमित्र आहेत, वणवा विझवणारी तरुण मंडळे आहेत, संयुक्त वन व्यवस्थापन समित्या कागदावर का होईना आहेत. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांकडे सामाजिक दायित्वाचा निधी असतो आणि जिल्हा नियोजन समितीकडेही मागता येईल. डॉक्टरची नेमणूक आणि परवानगी मात्र आपल्याच सहीने होईल. ती पुढच्या वणव्याच्या आत, जानेवारी संपण्यापूर्वी करावी, ही विनंती.

आपला,
पोलादपूर तालुक्यातील एक रहिवासी